‘ळ’ कुणाचा?

मी प्रूफं तपासून पोट भरतो. पुण्यात एका खोलीत बसून इतरांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचे, ‘न’चा ‘ण’ करायचा, निसटलेले अनुस्वार परत जागेवर बसवायचे. गेल्या दिवाळीत ताईकडे गेलो तेव्हा तिने मला ओट्यावर बसवून हळू आवाजात सांगितलं, की शाळेतून निरोप आलाय, पोराला वाचता येत नाही. भाचा दुसरीत आहे. अकोट तालुक्यातलं गाव, संत्र्याचा आणि कपाशीचा पट्टा. ‘वाचता येत नाही’ हे शब्द तिने असे उच्चारले, की जणू डॉक्टरने रिपोर्ट दिलाय.

मी मामा, त्यातून पुस्तकांच्या धंद्यातला. दुसऱ्या दिवशी अकोटला गेलो आणि स्टँडजवळच्या दुकानातून वीस रुपयांची अंकलिपी आणली.

हा लेख त्या अंकलिपीबद्दल आहे. मराठीत पुस्तकांवर भरपूर लिहिलं जातं, कादंबऱ्यांची तर चिरफाड होते. पण आपण सगळ्यांनी जे पुस्तक सगळ्यांत आधी हातात घेतलं, त्याचं परीक्षण मी तरी कुठे वाचलेलं नाही. लेखकाचं नाव नसतं, आवृत्ती कितवी ते कळत नाही, आणि दर वर्षी नवी मुलं ते चावतात, फाडतात, गिरवतात. मीही तसाच मोठा झालो. पस्तिशी ओलांडल्यावर ते पहिल्यांदा प्रूफरीडरच्या डोळ्यांनी वाचलं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की अंकलिपीत एक फार जुना आणि फार भारदस्त माणूस बोलतोय. ऋ ऋषीचा. य यज्ञाचा. ध धनुष्याचा. क्ष क्षत्रियाचा. ऐ ऐरणीचा. ठ ठशाचा. भाच्याने ऐरण पाहिलेली नाही, मीसुद्धा पाहिलेली नाही. ठसा म्हणजे त्याला अंगठा वाटला, जो फार चुकीचा नाही. ष षटकोनाचा, हे तर गणितातल्या माणसाने ऐनवेळी येऊन वाचवलेलं अक्षर आहे. एकेका पानावर चार-सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत एक वस्तू. तिला कोणी धरलेलं नाही, ती कुठे ठेवलेली नाही, तिच्या बाजूला कोणी उभं नाही. इतकी माणसं नसलेलं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट उच्चारांची. च चमच्याचा असं म्हणताना जो च येतो तो चिमणीत येत नाही. ज जहाजाचा म्हणताना जो ज येतो तो जिभेत येत नाही. मराठीत च, ज, झ ही अक्षरं दोन-दोन आवाज काढतात, आणि अंकलिपी एकाच आवाजाची पावती फाडते. मूल दुसरा आवाज स्वतःच्या जिवावर शिकतं. याचं श्रेय त्याला कोणी देत नाही.

तिसरी गोष्ट मात्र मला हसता हसता थांबवणारी होती. ण बाणाचा. ळ बाळाचा. बाकी सगळी अक्षरं शब्दाच्या तोंडाशी उभी आहेत, ही दोन मात्र शेपटीला. कारण मराठीत ण किंवा ळ ने सुरू होणारा शब्द मिळत नाही. ठीक आहे. पण भाच्याच्या घरी ही दोन अक्षरं शेपटीलाही नाहीत. वऱ्हाडात पाणी ‘पानी’ असतं आणि लोणी ‘लोनी’. डोळा ‘डोया’, काळा ‘काया’, केळं ‘केयं’, फळा ‘फया’. शाळा स्वतःच ‘शाया’ आहे. म्हणजे तो रोज सकाळी दप्तर घेऊन जिथे जातो, त्या जागेच्या नावातलंच एक अक्षर त्याच्या तोंडात नाही. त्याला ते अक्षर शिकायचं आहे एका अशा बाळाकडून, जे त्याच्या गावात त्या आवाजात रडत नाही.

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी त्याच गावचा. शाळेत असताना ‘शाया’ म्हटल्याबद्दल मी छड्या खाल्ल्या, मग जिभेला वळण लावलं, आणि आता इतरांच्या ‘न’चे ‘ण’ करून भाडं भरतो.

अंकलिपीनंतर येतं पहिलं वाचन. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांना कमल आणि छगन आठवतात. थोडीच अक्षरं शिकवायची, आणि तेवढ्याच अक्षरांत, काना-मात्रा-वेलांटी न वापरता वाक्यं बनवायची, अशी ती रीत. रीत म्हणून ती मूर्खपणाची नाही. देवनागरीचं ओझं लहान नाही: ळ धरून 34 व्यंजनं घ्या, प्रत्येकाची बाराखडी लिहा, 408 आकार झाले. जोडाक्षरं अजून दारातही आलेली नाहीत. त्यात पहिली वेलांटी आहे, जी लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर. (फोनवर टाइप करताना आधी द दाबता, मग वेलांटी, आणि ती उडी मारून द च्या पुढे जाऊन बसते. कागदावर हात नेमका उलटा चालतो. भाच्याने हे फोनवर बघितलं आणि पंधरा मिनिटं फक्त वेलांट्यांच्या उड्या बघत बसला.) त्यामुळे कुणी म्हटलं की थोडं थोडं शिकवू या, सोपं आधी घेऊ या, तर माझी तक्रार नाही.

माझी तक्रार त्या सोप्या वाक्यांतून कसला आवाज येतो याबद्दल आहे. तुम्ही स्वतः करून बघा. काना-मात्रा नसलेली मराठी वाक्यं बनवा. ‘बसला’ चालणार नाही, ‘बसते’ चालणार नाही, ‘बसू या’ चालणार नाही. उरतं काय? बस. उठ. पळ. कर. बघ. धर. मराठीत धातू जसाच्या तसा, काही न लावता वापरला की तो आज्ञा होतो, आणि आज्ञाही धाकट्याला केलेली. मोठ्याला सांगायचं तर ‘बसा’ म्हणावं लागतं. आदराला मराठीत काना लागतो. ‘मी’ला वेलांटी लागते. ‘मला’, ‘माझं’, ‘नाही’, ‘का’ सगळ्यांना काही ना काही लागतं. म्हणजे बिनमात्रांच्या पुस्तकात मुलाला हुकूम देता येतो, पण त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, ‘का’ विचारता येत नाही, आणि तो स्वतः त्यात कुठेच नसतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही. लिपी सोपी करायला गेलो आणि भाषेतलं माणूसच गळून पडलं.

एक शब्द तेवढा वाचतो. ‘आई’. आ आणि ई, दोन सुटे स्वर, एकही मात्रा नाही. पण भाचा ताईला मम्मी म्हणतो आणि तिच्या सासूला माय. आई ही त्याच्यासाठी टीव्हीतली बाई आहे.

आताची पाठ्यपुस्तकं बदलली आहेत, हे सांगायला हवं. त्यांत मोठी चित्रं आहेत, गाणी आहेत, गप्पा मारायला जागा सोडलेली आहे. पण पुस्तक बदललं म्हणून वर्ग बदलतोच असं नाही. भाच्याच्या शाळेत चार वर्गांना दोन शिक्षक आहेत. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगावं लागतं, त्याला इलाज नाही. त्याच्या वह्या मी पाहिल्या. अक्षर सुंदर, माझ्यापेक्षा चांगलं. पानंच्या पानं उतरवलेली. त्यातलं एक वाक्य बोट ठेवून विचारलं तर त्याला सांगता येईना. तो लिहीत नव्हता, चित्र काढत होता. त्याच्या गुरुजींना भेटलो. भले गृहस्थ. निघताना बायकोचा फोन आला तेव्हा ते तिच्याशी अस्सल वऱ्हाडीत बोलले, आणि फोन ठेवून मला म्हणाले, ‘‘घरची भाषा अशुद्ध असते ना, त्यामुळे मुलं मागे पडतात.’’ मी मान डोलावली. प्रूफरीडर आणखी काय करणार.

घरी आल्यावर ताई जे बोलली त्याने ती मान खाली गेली.

‘‘तूच म्हनला होता ना भाऊ, घरात शुद्ध बोलत जा म्हनून.’’

म्हणालो होतो. दोन वर्षांपूर्वी, फोनवर, उगाच शहाणपणा करत. ताई दहावी नापास आहे, पण ती रात्री गोष्ट सांगायची तेव्हा आजूबाजूची पोरंसुद्धा येऊन बसायची. विहिरीतल्या बुढीची, लाकूडतोड्याची, आमच्या आज्याने वाघ पाहिला त्याची. माझ्या सल्ल्यानंतर तिने ‘शुद्ध’ सांगून पाहिलं. दोन वाक्यांनंतर अडायची, ण कुठे आणि न कुठे याचा विचार करायची, तोवर पोरगं कंटाळायचं. मग तिने गोष्ट सांगणंच सोडलं. ‘‘मी बोलली का त्याचं बिघडते,’’ असं तिचं म्हणणं. आता रात्री पोराच्या हातात फोन असतो.

वाचता न येणाऱ्या मुलासाठी घरात जे एकमेव वाचनालय होतं, ते मी बंद पाडलं होतं.

मग मी पुस्तकांकडे वळलो, कारण मला दुसरं काही येत नाही. माझ्या पिशवीत माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ होतं. ज्योत्स्ना प्रकाशनाची ती छोटी पुस्तकं तुमच्यापैकी काहींच्या घरी असतील: एकेका पुस्तकात घरातलं एकेक माणूस, आणि सांगणारी राधा. अंकलिपीच्या शेजारी ठेवून ती वाचली की दोन्हींमधलं अंतर कळतं. इथे वस्तू सुट्या नाहीत. त्यांना कोणीतरी वापरतंय, हरवतंय, त्यांच्यावरून कोणीतरी चिडतंय. चित्र आणि मजकूर एकाच हाताचे असल्यामुळे जे चित्रात आहे ते शब्दांत पुन्हा सांगितलेलं नाही. मुलाला दोन्हींकडे बघावं लागतं. वाक्यात मोठ्या माणसाचा उपदेश शिरलेला नाही. मराठी बालसाहित्यात ही किती दुर्मीळ गोष्ट आहे ते जत्रेतल्या पुस्तकांच्या स्टॉलवर अर्धा तास घालवलेल्या कुणालाही माहीत असेल.

आणि शीर्षक बघा. ‘राधाचे घर’ नाही, ‘राधाचं घर’. एकेकाळी छापील मराठीत हा एक मात्रावाला ‘चे’च शुद्ध होता, डोक्यावर अनुस्वार देऊन बोलल्यासारखं ‘चं’ लिहिणं हे संवादापुरतं. आज ते सगळीकडे चालतं, मी हा लेखही तसाच लिहितोय. म्हणजे बोलणं छापात येऊ शकतं, ते आलेलं आहे. फक्त कुणाचं बोलणं आलं, हा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातलं ‘चं’ आलं. अकोटचा ‘य’ आला नाही.

आला नाही म्हणजे अगदीच आला नाही असंही नाही. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची तिफणीवरची कविता साऱ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवत ऐकली, त्यात काळी माती ‘काया’च आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली तीही त्यांच्या बोलीत, त्यांच्या उच्चारांसकट. पुढे ती पाठ्यपुस्तकांत गेली. बोलीचा गोडवा, मातीचा गंध, असे प्रश्नोत्तरांतले शब्द आपण पाठ केले. तोच उच्चार दुसरीतल्या मुलाने वाचताना केला की लाल खूण. कविता म्हणून चालतं, मूल म्हणून चालत नाही.

राधाकडे परत येतो. भाच्याला पुस्तक आवडलं, पण जरा दुरून, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखं. फ्लॅटमधलं घर, कामावर जाणारी आई. तो बघत राहिला, विचारत राहिला. हा दोष मी पुस्तकाचा मानत नाही; एका पुस्तकाने सगळी घरं उभी करावीत ही अपेक्षाच चुकीची. दोष हा आहे की राधाच्या तोलाचं दुसरं घर, संत्र्याच्या बागेतलं, वीटभट्टीवरचं, ऊसतोडीच्या कोपीतलं, मला दुकानात सहज सापडत नाही.

फोनवर सापडतं का? प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे, फुकट आहे, मराठीत शेकडो चित्रगोष्टी आहेत, पातळ्या लावलेल्या आहेत. ज्या घरात पुस्तक नाही पण फोन आहे, तिथे हे वरदान आहे, यात वाद नाही. पण सलग पंचवीस गोष्टी वाचल्यावर प्रूफरीडरचे कान दुखायला लागतात. पुष्कळशा अनुवादित आहेत, आणि काहींत तर मराठी शब्द इंग्रजी वाक्यात भाड्याने राहायला आल्यासारखे वाटतात. शिवाय एक बारीक गोष्ट. शाळेत मुलाला मराठी वळणाचा ल आणि श शिकवतात, आणि बहुतेक फोनमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. भाच्याने पहिल्यांदा विचारलं, ‘‘मामा, हा ल काऊन असा मोडला?’’ मोठ्यांना हा फरक दिसतसुद्धा नाही. अक्षर ओळखण्यात ज्याचा जीव चाललाय, त्याला दिसतो.

तरीही जे घडलं ते फोनवरच घडलं. एका घुबडाची गोष्ट होती. भाचा बोट ठेवून वाचत होता, अक्षराला अक्षर जोडत, त्या खास शाळेतल्या सुरात, जो कुठल्याही माणसाचा सूर नसतो. ‘गोल’ वाचलं. पुढचा शब्द होता ‘डोळे’. तो थांबला, चित्राकडे बघितलं, परत शब्दाकडे बघितलं, आणि शाळेचा सूर सोडून म्हणाला, ‘‘डोये!’’

माझ्या तोंडातून ‘चूक’ निघणारच होतं. वीस वर्षांची सवय आहे.

पण जरा थांबून बघा त्याने काय केलं ते. पानावर य नाही. जर तो फक्त अक्षरं उचलत असता तर त्याच्या तोंडून ‘डो… ळे’ आलं असतं, आणि ते डोळे आहेत हे त्याला कळलंही नसतं, जसं वहीत उतरवलेल्या वाक्यांचं कळत नव्हतं. तो अक्षरांतून अर्थापर्यंत गेला, अर्थ त्याच्या घरात राहत होता, तिथून तो स्वतःचा शब्द घेऊन बाहेर आला. यालाच वाचन म्हणतात. ‘डोये’ ही त्याला वाचता येत नसल्याची खूण नव्हती. ती वाचता आल्याची, बहुधा पहिलीच, खूण होती. आणि शाळेत ती चूक म्हणून मोजली जात असणार.

खात्री करायला मी पाटीवर दोन शब्द लिहिले, ‘माया’ आणि ‘माळा’. वाचायला सांगितले तर त्याने दोन्ही ‘माया’ वाचले. मग विचारलं, देवाच्या गळ्यात असते ती कोणती? बोट बरोबर ‘माळा’वर. ज्या मुलाला ळ येत नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, त्याला ळ दिसतही होता आणि कळतही होता. फक्त त्याच्या घरी तो वेगळ्या आवाजात बोलतो.

2021 मध्ये आलेल्या निपुण भारत मोहिमेत दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत असं लक्ष्य आहे, आणि ते अर्थासह. ‘अर्थासह’ हा शब्द कागदावर आहे. पण घड्याळ लावून शब्द मोजता येतात, अर्थ मोजायला मुलाची भाषा यावी लागते. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाई फलटणला आल्या, फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर त्यांनी पीएच.डी. केली, आणि मग तिथेच मुलांना वाचायला शिकवत राहिल्या, कमला निंबकर बालभवन उभं केलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी लोक कसे बोलतात ते ऐकलं, मग पोरांना शिकवलं.

पुण्याहून येताना मी आणखी एक पुस्तक आणलं होतं, स्वतःसाठी. सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचं ‘टीचर’. 1963 साली आलेलं. न्यूझीलंडच्या आडगावांतल्या शाळांत त्या माओरी मुलांना शिकवायच्या. सरकारी वाचनमालेत जेनेट आणि जॉन नावाची नीटनेटकी गोरी भावंडं होती. आपले कमल-छगन त्या मानाने घरचेच म्हणायचे. बाईंनी ती मालिका बाजूला ठेवून रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारायला सुरुवात केली, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी ओळखता आला तर कार्ड त्याचं, नाही आला तर फेकून द्यायचं, कारण तो शब्द त्याचा नव्हताच. मुलांनी मागितलेले शब्द सोपे नव्हते आणि सभ्यही नव्हते. भुतं, मारामाऱ्या, मुके, घरातली भांडणं. भीती आणि कामभावना या दोन गोष्टींतून आलेला शब्द मूल एका नजरेत शिकतं, असं त्यांचं म्हणणं.

पुस्तकात दोष आहेत. बाई स्वतःवर फार खूश आहेत, अधूनमधून नाटकी होतात, आणि एका असामान्य शिक्षिकेला जे जमलं ते दोन शिक्षकी शाळेत कसं जमावं हे त्या सांगत नाहीत. नुसत्या आवडत्या शब्दांनी 408 आकार शिकून होत नाहीत. कधीतरी बसून, रीतसर, ओळीने अक्षरं घ्यावीच लागतात. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’बद्दलही माझी हीच तक्रार आहे: गोष्टी सांगून वर्ग कसा जिंकला ते डोळ्यांत पाणी आणणारं आहे, पण ते वाचून पुष्कळ पालक असं समजतात की मूल आपोआप वाचायला लागेल. आपोआप लागत नाही. पण अक्षरं कशासाठी शिकायची, हे मुलाला आधी कळायला हवं, आणि ते अंकलिपीतून कळत नाही.

मी लग्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडे कापून कार्डं केली. भाच्याला विचारलं, कोणता शब्द देऊ? तो जरा लाजला. मग म्हणाला, ‘जेसीबी’. ते झाल्यावर ‘ट्रॅक्टर’. मग ‘रानडुक्कर’, कारण आदल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्यांचा हरभरा उकरला होता. मग बराच वेळ विचार करून, ‘मोटर’. नळ, घर, मगर हे सोपे शब्द सोडून त्याने जोडाक्षरं, अर्धचंद्र, उकार, सगळं मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही कार्डं ओळखली. ‘ट्रॅक्टर’ दुरूनसुद्धा. आता ट्र कुठे, क्ट कुठे, हे तो सांगू शकत नव्हता. ते नंतर, ट्रॅक्टर हातात असल्यावर, उलगडून दाखवता आलं. तिसऱ्या दिवशी त्याने टेलिव्हिजनच्या बातमीपट्टीतला ‘ट्रक’ स्वतःहून वाचला, कारण पहिलं अक्षर त्याच्या ओळखीचं निघालं.

ताईला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? चार दिवसांनी निघायचं होतं. फक्त एका रात्री लाइट गेले तेव्हा मीच म्हणालो, त्या विहिरीतल्या बुढीचं पुढे काय झालं गं? मी विसरलो. ती म्हणाली, तुले नाही आठवत? आणि सांगायला लागली. मला आठवत होतं.

मोटरीचा शब्द का मागितला ते मला निघायच्या आदल्या दिवशी कळलं. बागेतल्या बोअरची मोटर जळाली होती. दिवाळीचा खर्च झालेला, संत्र्याला पाणी द्यायचे दिवस, दाजी मोटर काढायला माणसं शोधत फिरत होते. घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. दुपारी भाचा ओसरीवर पालथा पडून काहीतरी लिहीत होता. अंकलिपीच्या मागच्या कोऱ्या पानावर. कुणी सांगितलेलं नव्हतं, फळ्यावरून उतरवलेलं नव्हतं. मोठ्या वाकड्या अक्षरांत:

मोटर जयली

ताई चहा घेऊन आली, तिने वाकून पाहिलं. ओठ हलवत वाचलं. ‘‘अव, हे त मीच बोलली होती काल,’’ ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली, चहा हातात धरून. तिचं बोललेलं कुणी लिहून ठेवल्याचं तिने बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असेल.

माझ्या शर्टाच्या खिशात लाल पेन होतं. ते तिथे कायम असतं. ‘जयली’ला मी हात लावला नाही. त्याचीच पेन्सिल घेऊन त्या ओळीखाली लिहिलं, ‘मोटर जळली’. भाच्याने दोन्ही ओळी वाचल्या, दोन्ही सारख्याच वाचल्या, आणि विचारलं, ‘‘हे खालचं कोनाचं?’’

‘‘पुस्तकवाल्यांचं. ते असं लिहितात.’’

‘‘काऊन?’’

याचं खरं उत्तर लांबलचक आहे आणि फारसं चांगलं नाही. मी म्हणालो, त्यांच्याकडे तसं बोलतात म्हणून. त्याला ते पटलं. बिचारे, अशा नजरेने त्याने त्या ळ कडे पाहिलं. मग पेन्सिल परत मागून घेतली. उद्या शेगावहून मिस्त्री येणार होता, ते त्याला लिहायचं होतं, आणि ‘मिस्त्री’तला ‘स्त्र’ कसा काढतात ते त्याने मला विचारलं.